साहेबांनी मान खाजवली

प्रिय घुबडे,

परवा फोनवर तू विचारलंस, "बैठक झाली का गं? बाबांचं काय ठरलं?" आणि मी म्हटलं, पत्र लिहिते. तू म्हणालीस, "हो किंवा नाही एवढं सांगायला पत्र लागतं का तुला?" लागतं. फोनवर तुझा आवाज ऐकला की मी निम्मं गाळते आणि उरलेलं गोड करून सांगते. कागदावर मला तसं करता येत नाही, लिहिलेलं पुन्हा वाचलं की खोटं लगेच दिसतं. तुझे बाबा, म्हणजे माझे काका, पुढच्या मोसमात संघाचे कोच राहणार की नाही, ते या पत्रात आहे. पण ते शेवटाकडे आहे आणि तू पानं उलटून आधी तिथे जाऊ नकोस. कादंबरीचा शेवट आधी वाचायची तुझी खोड मी होस्टेलवर पुष्कळ सहन केली आहे.

आमचं ऑफिस तू पाहिलेलं नाहीस. ते मैदानाच्या गॅलरीखाली, पायऱ्यांच्या पोटात आहे. छत एका बाजूने उतरत आलंय, त्यामुळे उंच माणूस माझ्या टेबलापाशी आला की वाकूनच बोलतो आणि मला उगाच मान मिळाल्यासारखं वाटतं. भिंतीला स्टिक लावून ठेवायचा लाकडी घोडा आहे, त्याच्या शेजारी गोलकीपरची पॅड वाळत असतात. त्यांच्या वासाची सवय व्हायला मला महिना लागला. खिडकीतून टर्फ दिसतं. खेळाआधी त्याच्यावर पाणी मारावं लागतं, नाहीतर चेंडू उड्या मारतो, म्हणून दिवसाची सुरुवात पंपाच्या घरघरीने होते. संघाचे मालक, आमचे साहेब, सगळ्यांच्या आधी येतात आणि ओल्या टर्फवर चामड्याचे बूट घालून चालतात. मैदानाची निगा राखणारे मामा लांबून ओरडतात, "मालक, बूट!" साहेब दोन्ही हात वर करतात, पंचाने शिट्टी मारल्यावर खेळाडू करतो तसे, आणि आणखी थोडं चालून मगच बाहेर येतात. रोज हेच. मामा मला म्हणतात, "एखाद्या खेळाडूला मी हाकलून दिलं असतं. मालकाला काय करणार? मैदान त्याचं, शिवी माझ्या पोटात."

मालक म्हणजे काय, याची माझी कल्पना वेगळी होती. आमच्या घरी मालक म्हणजे आईला कामावर पोचायला उशीर झाला की जो दारातूनच परत पाठवतो तो. साहेब मला कामावर ठेवायला तयार झाले तेव्हा आईने एवढंच विचारलं होतं, "ओरडतो का?" नाही ओरडत. ते मालक असल्यासारखे वागतच नाहीत, आणि तीच अडचण आहे. त्यांचा दिवस दुसऱ्यांच्या कामांत जातो. सकाळी कुणाच्या तरी दुकानाची फीत कापायची, दुपारी शाळेत बक्षिसं वाटायची, संध्याकाळी जाहिरातदाराच्या मुलाच्या स्टिकवर सही करायची. गुडघे दोन्ही बदललेले, त्यामुळे फोटोसाठी खाली बसायला सांगितलं की ते हसून "उभाच बरा दिसतो मी" म्हणतात. आणि प्रत्येक ठिकाणी त्यांना त्या गोलबद्दल विचारतात. लहानपणी आपण सगळ्यांनी ज्याबद्दल ऐकलं, तोच तो अंतिम सामन्यातला पेनल्टी कॉर्नर. मी त्यांच्याबरोबर फाइल घेऊन फिरते, त्यामुळे ती हकीकत मला तोंडपाठ आहे. पावसाळी ढग कधी असतात, कधी नसतात. समोरच्या संघाचा गोलकीपर कधी उंच असतो, कधी धिप्पाड, एकदा तर त्याला मिशाही फुटल्या होत्या, कारण त्या दिवशी साहेब दमले होते. पण एक वाक्य कधीच बदलत नाही. "चेंडू थांबला, आणि मी मारला."

तू हॉकीच्या घरात वाढलीस, तुला सांगायला नको, तरी मला जसं समजलं तसं लिहिते. पेनल्टी कॉर्नरला एक खेळाडू गोलरेषेवरून चेंडू बाहेर ढकलतो, दुसरा तो अर्धवर्तुळाच्या टोकावर स्टिकने जागच्या जागी दाबून थांबवतो आणि तिसरा मारतो. समोरून चार-पाच जण अंगावर धावून येत असतात. थांबवणाऱ्याने मान वर केली तरी संपलं. चेंडू आपोआप थांबत नाही, तो काका थांबवायचे. साहेबांच्या सगळ्या गाजलेल्या गोलांत खाली वाकलेली एक पाठ आहे, ती तुझ्या बाबांची. एकदा एका कार्यक्रमात साहेबांनी ते वाक्य म्हटलं तेव्हा काका शेजारीच बसले होते. मला वाटलं, आता यांना लागेल. काकांनी माइक ओढून घेतला आणि म्हणाले, "हो, दमला होता बिचारा चेंडू." सगळा हॉल हसला, साहेब सगळ्यांत जास्त. नंतर गाडीत दोघं कुठल्यातरी जुन्या बसप्रवासावरून असे भांडत होते की ड्रायव्हरने आरशातून माझ्याकडे बघितलं.

मुलींचा हा संघ विकत घेतल्यावर साहेबांनी पहिला फोन काकांना केला, हे तुला माहीत आहे. काकू जाऊन तेव्हा वर्षही झालं नव्हतं. तू नोकरीला निघून गेली होतीस आणि काका दिवसभर त्या तीन खोल्यांत रेडिओ लावून बसायचे. कोच झाल्यावर ते पुन्हा दाढी रोजच्या रोज करायला लागले, हे तूच मला सांगितलंस. आणि मला इथे त्यांनीच आणलं. "ही पोरगी कुलूप लावल्यावर तीनदा ओढून बघते, तुझ्या कामाची आहे," अशी माझी शिफारस झाली. त्याआधीचं तर बोलायलाच नको. माझ्या होस्टेलच्या अर्जावर पालक म्हणून सही करायला आमच्याकडे कुणाला सही येत नव्हती. बाबांनी अंगठा पुढे केला तेव्हा तिथला कारकून काहीतरी बोलला, आणि रांगेत मागे उभे असलेले काका तुझा अर्ज बाजूला ठेवून म्हणाले, "शाई कमी पडतेय का साहेब? माझं पेन घ्या." मग बाबांच्या अंगठ्याखाली त्यांनी साक्षीदार म्हणून सही केली. सुट्टीत मी तुमच्याकडे यायचे तेव्हा टेबलाची माझी बाजू ठरलेली होती. हे सगळं मी विसरलेले नाही. हे वाक्य लिहून ठेवते, कारण पुढे तुला तसं वाटू शकतं.

आता सामन्याकडे येते. लीगच्या नियमाप्रमाणे मालकाला सामना चालू असताना बाकापाशी यायला बंदी आहे, निरोपही धाडायचा नाही. वर काचेची एक खोली आहे, तिथे सोफे, थंड हवा आणि भागीदारांचे पाहुणे. साहेब तिथे बसतात म्हणजे सोफ्याच्या टोकाला टेकतात. चेंडू डाव्या बगलेला गेला की त्यांचा डावा पाय हलतो. एकदा त्यांनी टेबलाला अशी लाथ मारली की फरशीच्या कारखानदारांच्या मांडीवर चहा सांडला. हे आमचे एक भागीदार, सगळे त्यांना फरशीवाले म्हणतात. दुसरे ट्रकवाले. मी मॅनेजर म्हणून खाली बाकावर, काकांच्या शेजारी बसते. काकांची एक सवय मला पहिल्या मोसमापासून दिसत होती. पोरींना काही सांगायच्या आधी ते एकदा वर काचेकडे बघायचे. मला वाटायचं, वेळ बघत असतील, कारण घड्याळही त्याच बाजूला आहे.

त्या दिवशी बरोबरी आम्हाला पुरे होती. बरोबरी झाली असती तर आम्ही पुढच्या फेरीत जात होतो. अगदी शेवटी शेवटी, दोन्हीकडचे गोल सारखे असताना, आम्हाला पेनल्टी कॉर्नर मिळाला. पोरींनी यासाठी वर्षभर एक चाल घोटली होती. मारायचा आव आणायचा, चेंडू बाजूला सरकवायचा आणि कडेला नेऊन वेळ काढायचा. कॅप्टनने तशी बोटं दाखवली, पोरी जागेवर गेल्या. मी काकांकडे बघत होते, कारण घाबरले की मी कुणाकडे तरी बघते. त्यांनी वर बघितलं. मग त्यांचा चेहरा एकदम तरुण झाला. मला दुसरा शब्द सुचत नाही. ते रेषेपर्यंत धावले आणि ओरडले, "सरळ! सरळ मार!" कॅप्टनने एकदा वळून बघितलं, तिला वाटलं आपण चुकीचं ऐकतोय. त्यांनी पुन्हा ओरडून सांगितलं. तिने सरळ मारला. धावत आलेल्या पहिल्याच मुलीच्या स्टिकला लागून चेंडू जो मागे उडाला तो थेट मधल्या रेषेपलीकडे, आणि आमच्या सगळ्या पोरी तर पुढे. आमच्या गोलकीपरसमोर त्यांच्या दोघी उरल्या. पुढचं तू टीव्हीवर पाहिलंच आहेस.

कपडे बदलायच्या खोलीत कुणी रडलं नाही, ते जास्त वाईट होतं. कॅप्टन शिनगार्ड काढता काढता मला म्हणाली, "मॅडम, काकांवर मी ओरडू शकत नाही. माझ्या बापाला नसेल एवढं त्यांना माझ्या पायाचं माहितीये. पण वर्षभर घोटलेलं त्यांनी एका शब्दात पुसलं. पुढच्या वर्षी बोलावणं आलं दुसरीकडून, तर मी जाणार." तिच्या मागे आणखी दोघी होत्या, त्या नुसत्या बुटांकडे बघत होत्या.

मग भागीदारांनी बैठक बोलावली. संघाच्या नियमावलीत कोचबद्दलच्या निर्णयात मालक, दोन भागीदार आणि मॅनेजर अशा चौघांचं मत धरतात. साहेबांनी आधीच सांगून टाकलं की ते मत देणार नाहीत. म्हणजे आम्ही तिघं. मी त्यांच्या खोलीत गेले आणि म्हटलं, माझंही धरू नका, काकांचे माझ्यावर उपकार आहेत. साहेब स्टिकला नवी टेप गुंडाळत होते, ते काम ते कुणाला देत नाहीत. म्हणाले, "माझ्यावर तुझ्याहून जास्त आहेत. म्हणून मी बाहेर. आता तूही बाहेर गेलीस तर आत कोण उरलं? फरशी आणि ट्रक." मी म्हटलं, "मला भीती वाटते." ते म्हणाले, "मलाही वाटते. पण तुला भीती वाटत असताना काम करायची सवय आहे, मला नाही." घरी आईला सांगितलं तर ती म्हणाली, "शिकलीस ती भ्यायला शिकलीस की काय?" मग थोड्या वेळाने, पाठ फिरवून, "त्या घराने तुला ताट वाढलंय, एवढं ध्यानात ठेव म्हणजे झालं."

बैठकीच्या आदल्या दिवशी दुपारी काका माझ्याकडे आले, छताला डोकं लागू नये म्हणून सवयीने वाकून. खुर्चीत बसले आणि म्हणाले, "एक गंमत सांगू का तुला? मी काही म्हातारचळ लागून ओरडलो नाही. त्याने वरून खूण केली."

"कसली खूण?"

"मानेवरून हात फिरवला. आमची जुनी खूण आहे. आडवंतिडवं काही नको, सरळ मारतो, तू फक्त थांबव."

मी म्हटलं, "मग काका, हे उद्या सांगा ना! साहेबांनीच सांगितलं तर तुमची चूक कुठे?"

"अगं, पण त्याने सांगितलंच नव्हतं. सामना संपल्यावर वर गेलो तर मानेवर हा एवढा लाल चट्टा. डास चावला होता गाढवाला!" आणि ते हसायला लागले. खोकला येईपर्यंत हसले. मीही हसले, पण मला आवरलं आणि त्यांना आवरलं नाही. डोळे पुसत म्हणाले, "कुणाला सांगू नकोस. त्याला तर मुळीच नाही, जन्मभर मान खाजवायचा नाही तो."

"घरी?"

"घरी सांग. पोरगी हसेल."

म्हणून तुला सांगते आहे. तू हसलीस की नाही मला माहीत नाही. मी त्या दिवशी ते गेल्यावर बराच वेळ खिडकीतून पोरींचा सराव बघत बसले. काकांना हरल्याची खंत होती, नाही असं नाही. कॅप्टनचं नाव निघालं तेव्हा त्यांनी मान खाली घातली. पण खुणेबद्दल सांगताना त्यांच्या आवाजात जे होतं ते खंतीच्या वर होतं. इतक्या वर्षांनी त्याने मला खूण केली, असं ते होतं. ती खोटी निघाली तरी त्या क्षणापुरती ती त्यांना मिळाली होती, आणि कुणी विचारलं असतं तर त्यांनी ती परत दिली नसती. मला ते समजलं, आणि समजल्यामुळेच मी जास्त घाबरले. समोर टर्फवर सोळा-सतरा पोरी एकमेकींना हाका मारत होत्या, आणि त्यांच्यातल्या कुणाचंही घर मला माझ्या घरापेक्षा वेगळं दिसत नाही.

बैठक साहेबांच्या खोलीत झाली. ट्रकवाले म्हणाले, "माणूस सोन्यासारखा आहे. एका गोलासाठी घरातलं माणूस बाहेर काढायचं का?" फरशीवाले म्हणाले, "फुटली फरशी की मी बदलतो, तिच्या घरी कोण आजारी आहे ते विचारत नाही." ट्रकवाले माझ्याकडे बघून हसले, "मग झालंच की. मॅडम काही आमच्या विरुद्ध जायच्या नाहीत, खाल्ल्या मिठाला जागणारी मुलगी आहे." साहेब खिडकीशी, आमच्याकडे पाठ करून उभे होते. फरशीवाल्यांनी विचारलं, कोच बदलावा असं कुणाकुणाचं मत आहे, त्यांनी हात वर करावा. स्वतःचा त्यांनी केला.

मीही केला. काका राहणार नाहीत, आणि ते माझ्या हातामुळे. ट्रकवाले उठून गेले, माझ्याशी बोलले नाहीत. फरशीवाले म्हणाले, "शाब्बास," आणि ते मला न बोलण्यापेक्षा जास्त लागलं. सगळे गेल्यावर साहेबांनी कारण विचारलं. डासाचं मी सांगितलं नाही. म्हटलं, पोरी काकांकडे बघतात आणि काका तुमच्याकडे बघतात. त्यांनी नवी टेप लावलेली स्टिक हातात घेतली. मग म्हणाले, "चेंडू थांबवताना त्याने कधी, एकदासुद्धा, माझ्याकडे बघितलं नाही. म्हणून तर थांबायचा." तो चेंडू कुणी थांबवला हे त्यांच्या तोंडून मी पहिल्यांदा ऐकलं, आणि ऐकायला काका नव्हते. रविवारी मोसमातला शेवटचा सामना आहे, त्यात आता काही पणाला लागलेलं नाही. तो झाला की संध्याकाळी साहेब स्वतः तुमच्या घरी जाऊन काकांना सांगणार आहेत. तुला आधी कळवू का, असं मी त्यांना विचारलं, ते म्हणाले, "लिही. ती घरात असली तर मला आत जाता येईल." म्हणून हे पत्र. मी माफी मागत नाहीये. आज पुन्हा विचारलं तरी माझा हात वरच जाईल, आणि तो हात माझा होता हे मी काकांना सोमवारी स्वतः जाऊन सांगणार आहे, तेवढं तू सांगू नकोस. तू माझ्याशी बोलणं टाकलंस तर तो तुझा हक्क आहे. पण शनिवारपर्यंत घरी ये. रविवारी बेल वाजेल तेव्हा दार तू उघड. काकांनी उघडलं तर ते दोघं जुन्या बसप्रवासावरून भांडत बसतील, चहा होईल, आणि साहेब न सांगताच परत येतील.

तुझीच,
काळजीवाहू